पाण्याचा अहवाल वाचताना या चुका टाळा

पाण्याचा अहवाल हातात आला की नजर थेट आकड्यावर जाते. तो आकडा नेमका कशाचा, हे सांगणारा शेजारचा बारीक शब्द वाचायचा राहून जातो आणि घोळ तिथेच होतो.

नायट्रेटचंच बघा. एकाच नमुन्याचे दोन अहवाल, एकावर १० तर दुसऱ्यावर ४४, आणि दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर. कुठली तरी प्रयोगशाळा चुकली असं वाटतं, पण दोघी बरोबर असू शकतात. एकीने फक्त नायट्रोजनचं वजन दिलंय, दुसरीने अख्ख्या नायट्रेटचं. 'नायट्रेट-नायट्रोजन' लिहिलं असेल तर आकडा ४.४३ने गुणा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे ती नायट्रेटची. नायट्रोजनचा आकडा २० बघून 'निम्म्याच्या आत आहे' म्हणणारा प्रत्यक्षात ८९ मिलिग्रॅमचं पाणी पीत असतो.

सगळ्यात चिवट गैरसमज टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या आकड्याचा. पेनासारखा मीटर बुडवायचा, ८० आलं की पाणी शुद्ध! मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, एकेक मिलिग्रॅमने सरकणाऱ्या मीटरला ते काय कळणार? जंतूंची तपासणी वेगळी करावी लागते.

सॉफ्टनर बसवूनही टीडीएस उतरत नाही, ही नेहमीची तक्रार. यंत्र बिघडलेलं नसतं. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतं, म्हणजे कठीणपणा जातो आणि क्षार जवळपास तेवढेच राहतात. तपासायचाच तर कठीणपणा तपासा.

सांडपाण्याच्या अहवालात बीओडी आणि सीओडी असे दोन आकडे असतात. बीओडी म्हणजे जिवाणूंनी सेंद्रिय घाण खाताना वापरलेला ऑक्सिजन, सहसा २० अंश सेल्सिअसला ५ दिवसांत. सीओडी म्हणजे घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन. बीओडी हा सीओडीपेक्षा जास्त दिसला, तर आधी चाचणीवर शंका घ्या. सीओडी भरपूर आणि बीओडी जेमतेम असेल तरी खूश होऊ नका. बीओडी म्हणजे जिवाणूंनी सेंद्रिय घाण खाताना वापरलेला ऑक्सिजन, सहसा २० अंश सेल्सिअसला ५ दिवसांत. नमुन्यात क्लोरीन उरलं असेल किंवा विषारी धातू असतील तर खाणारे जिवाणूच मरतात आणि आकडा खोटा छान येतो. घाण जिवाणूंना न पचणारी असली तरी असंच दिसतं.

क्युसेक आणि टीएमसी यांची तर बातम्यांतही सर्रास अदलाबदल होते. क्युसेक हा वेग, सेकंदाला एक घनफूट. टीएमसी हा साठा, शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड २४ तास चालला की एक टीएमसी पाणी जातं. त्यामुळे 'इतके क्युसेक पाणी सोडलं' हे वाक्य किती वेळ ते सांगितल्याशिवाय अर्धवटच. धरणाची टक्केवारीही अशीच फसवी: ती बहुधा उपयुक्त साठ्याची असते. शून्य टक्के झालं तरी तळाशी मृत साठा असतो, फक्त तो दरवाजातून बाहेर येत नाही.