मुरबाडकडच्या गावांतले जुने दगड नोंदवायचे असतील तर

भातकापणी झाली की मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्या गावांत फिरायचा बेस्ट टाइम, गवत सुकलेलं असतं, शेतं कोरडी, बांधावरून आरामात चालता येतं आणि पावसाळ्यात झाकले गेलेले दगड दिसायला लागतात. ठाण्याहून लोकलने कल्याण, पुढे मुरबाडची एसटी.

देवळामागे, पारावर, तळ्याकाठी, वेशीवर बघा. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, तो ओळखायला सोपा, खालच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरा वीराला वर नेतायत, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. गधेगळ हा शापाचा दगड, त्यावर गाढव आणि बाई कोरलेली असते म्हणून लोक बघायचंच टाळतात, पण ती शापवाणी आहे हो, दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्यासाठी! म्हणजे शेतजमिनीचाच कागद, फक्त दगडावर. भिवंडी तालुक्यात लोनाडजवळ चौधरपाड्याला शिलाहार घराण्यातल्या केशीदेव राजाचा शके 1161 चा शिलालेख मिळालाय, त्यामुळे साधा दिसणारा दगडही सोडू नका.

फोटो भर दुपारी काढू नका, सगळं सपाट येतं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर तिरपा प्रकाश पडतो तेव्हा झिजलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात, आणि ते नाही जमलं तर अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला अगदी बाजूने चिकटवून धरा. शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो, मग चारही बाजूंनी. अक्षरांवर खडू फिरवायचा नाही, तारेचा ब्रश तर अजिबात नाही. शेंदूर लावलेला असेल तर तो गावाचा देव आहे, चपला काढा, विचारा, शेंदूर खरवडू नका प्लीज.

लोकेशन सेव्ह करा, तोंड कुठल्या दिशेला तेही लिहा. मग गावातल्या जुन्या माणसांजवळ बसा. "आजी, ह्याला तुम्ही काय म्हणता? नारळ कधी फोडता?" त्या जशा बोलतील तसंच उतरवा, शुद्ध करत बसू नका. दगड पहिल्यापासून इथेच आहे की नांगरताना वर आला हे नक्की विचारा, जागा हलली की अर्धी माहिती गेलीच.

आणि हे लवकर करा, कारण रस्ता रुंद होतोय, प्लॉटिंग चाललंय, आणि जेसीबीवाल्याला वीरगळ आणि धोंडा सारखाच दिसतो. अक्षरं असतील तर सरपंचांना सांगून राज्य पुरातत्त्व विभागाला फोटोसकट अर्ज द्या, त्याची एक कॉपी ग्रामपंचायतीत ठेवा.