थकलेली बिलं वसूल करताना या चुका टाळा

छोट्या कारखान्यात जो अकाउंट्स बघतो, त्याच्याच गळ्यात बहुतेक वेळा वसुली पडते. शिकवत कोणी नाही. जुन्या बाकीची यादी हातात येते आणि फोन सुरू होतात. "पेमेंट कधी करताय?" या प्रश्नाला "पुढच्या आठवड्यात बघतो" हे उत्तर ठरलेलं आहे, आणि त्यातून काहीच कळत नाही.

थकलेल्या प्रत्येक बिलामागे पैसे बुडवायचा इरादा नसतो. अनेकदा बिल कुठेतरी अडकलेलं असतं. पीओ (त्यांची खरेदी ऑर्डर) नंबर टाकायचा राहिला, मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर त्यांच्या स्टोअरची पोच नाही, दर पीओशी जुळत नाही, किंवा काही नग रिजेक्ट होऊन डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) निघाली आणि ती आपल्यापर्यंत आलीच नाही. म्हणून बिल नंबर सांगून विचारा: "जीआरएन (माल मिळाल्याची तुमची नोंद) झालं का? बिल पास झालं का? सध्या कोणाकडे आहे?" खरेदीच्या साहेबांना दहा फोन करण्यापेक्षा, त्यांच्या अकाउंट्समध्ये पेमेंटची यादी जे बनवतात त्यांच्याशी नीट ओळख ठेवा. पेमेंटचा वार ठरलेला असेल, तर फोन त्याच्या आधी जायला हवा. यादी बँकेत गेल्यावर केलेला फोन वाया जातो.

फोन लावण्याआधी स्वतःचं लेजर, म्हणजे त्या पार्टीचं (ग्राहकाचं) खातं, जुळवा. पार्टीने बिलवार तपशील दिला नाही म्हणून रक्कम 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याही बिलाला न जोडता, टाकलेली असते, टीडीएसची (पार्टीने कापून भरलेल्या आयकराची) नोंद राहिलेली असते, आणि आपण चुकत्या झालेल्या बिलाचा तगादा लावतो. असं एकदा झालं की समोरचा आपल्या खऱ्या बाकीवरही शंका घेतो.

तोंडी मिळालेला वायदा त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा, तारीख आणि रकमेसकट.

आपली कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग असून बिलावर उद्यम नंबर (सरकारी एमएसएमई नोंदणीचा नंबर) छापत नसाल, तर हातातलं मोठं बळ सोडताय. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपुढे जात नाही. करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय जीएसटीत 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची मिळालेली वजावट) व्याजासह परत करावं लागतं. हे धमकी म्हणून सांगू नका. त्यांच्या अकाउंटंटला शांतपणे आठवण करून द्या. नुकसान त्यांचंही आहे हे त्याला चटकन कळतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्टीचं नाव टाकणं, घरी फोन करणं हे मात्र कधीही करू नका. पैसे येतीलच असं नाही, अब्रूचा दावा मात्र येऊ शकतो.

चेक परत आला तर "पुन्हा टाका, होईल पास" यावर महिना घालवू नका. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर पार्टीला 15 दिवस असतात, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार.

जुन्या बाकीबद्दल सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे गप्प बसणं. साधारणपणे 3 वर्षांनंतर दिवाणी दावा मुदतबाह्य होतो. त्या मुदतीच्या आत पार्टीने सही करून बाकी लेखी मान्य केली, तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दर मार्चअखेर बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे बाकी मान्य असल्याचं पत्र, सही-शिक्क्यासह मागवा आणि ते मूळ बिल, चलनासोबत त्याच फाइलला लावा.