लायब्ररीत अलर्ट सुरू करायचेत? आधी कोणाला काय पाठवायचं ते ठरवा

अलर्ट सेवा सुरू करूया म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, आणि मग दोन मीटिंगा त्यातच जातात. खरं सांगू का, सॉफ्टवेअर हा ह्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. कोणत्या वाचकाला काय कळायला हवं आणि काय अजिबात नको, हे ठरवायला डोकं लागतं. मी ह्या कामात बरीच वर्षं आहे, सगळ्यांना सगळं पाठवून लोकांना वैताग आणायची चूक पण करून झालीय, त्यामुळे जे चाललं आणि जे फसलं ते दोन्ही सांगते.

सुरुवात परतीच्या तारखेपासून करा. नवीन पुस्तकं, जर्नल्स, संशोधकांसाठी खास अलर्ट वगैरे नंतर. कारण ड्यू डेटची आठवण आणि "तुम्ही रिझर्व्ह केलेलं पुस्तक आलंय" हे दोन मेसेज कोणालाच नकोसे वाटत नाहीत, दंड वाचतो, हेलपाटा वाचतो, आणि लायब्ररीकडून आलेला मेसेज उघडायची सवय लागते. ही सवय एकदा लागली की पुढचं सगळं सोपं जातं, आणि पहिल्याच महिन्यात चार फालतू मेल गेले की लोक कायमचे न वाचता डिलीट करायला लागतात, मग कितीही चांगलं पाठवा.

आठवण किती दिवस आधी? आमच्याकडे तीन दिवस आधी एक आणि त्या दिवशी सकाळी एक असं ठेवलंय. आठवडाभर आधी पाठवून बघितलं होतं, लोक "अजून वेळ आहे" म्हणून विसरून जायचे. एकाच माणसाकडे पाच पुस्तकं असतील तर पाच मेल जाऊ देऊ नका, सगळी एका मेलमध्ये एकत्र जातील अशी सोय बहुतेक सिस्टीममध्ये असते, कोहा ह्या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये त्याला डायजेस्ट म्हणतात.

आता कोहाचं निघालंच आहे तर थोडं सविस्तर, कारण फुकट आणि ओपन सोर्स असल्यामुळे ते खूप ठिकाणी आहे. (न्यूझीलंडमध्ये तयार झालं, २००० सालच्या सुरुवातीला तिथल्या एका लायब्ररीत पहिल्यांदा चालू झालं, आणि कोहा ह्या माओरी शब्दाचा अर्थ भेट.) त्यात मेसेजचे मजकूर टूल्समधल्या नोटिसेस अँड स्लिप्समध्ये असतात, तिथलं इंग्रजी टेम्प्लेट बदलून आपल्या भाषेत लिहून घ्या, तेवढ्याने सुद्धा फरक पडतो. कोणाला काय जाणार हे सभासदाच्या मेसेजिंग प्रेफरन्समध्ये ठरतं. इथे एक गोची आहे जिच्यात जवळजवळ प्रत्येकजण अडकतो: तुम्ही सभासदांच्या कॅटेगरीला डीफॉल्ट लावलंत की ते नवीन सभासदांना लागतं, जुन्यांना आपोआप लागत नाही, त्यांच्यासाठी वेगळी स्क्रिप्ट चालवावी लागते. आम्ही दोन महिने समजत होतो की सेवा सुरू झालीय, आणि जात होते मेसेज फक्त नवीन सभासदांना!

दुसरी गोची क्रॉन जॉबची, म्हणजे सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची. मेसेज तयार होणं आणि तो प्रत्यक्ष बाहेर पडणं ही कोहात दोन वेगळी कामं आहेत, पहिलं चालू असेल आणि रांगेतले मेसेज पाठवणारं दुसरं बंद असेल तर सगळं रांगेत पडून राहतं आणि कोणाला पत्ताच लागत नाही. सभासदाच्या खात्यात नोटिसेस नावाचा टॅब असतो तिथे प्रत्येक मेसेजपुढे पेंडिंग, सेंट की फेल्ड ते दिसतं, आठवड्यातून एकदा चारपाच खाती उघडून बघत जा. त्याहून सोपं म्हणजे स्वतःच्या मेल आयडीने एक टेस्ट सभासद बनवायचा, त्याच्यावर एक पुस्तक इश्यू करून ठेवायचं, सगळे अलर्ट त्याला लावायचे. ज्या दिवशी तुम्हाला मेल यायला हवा आणि येणार नाही त्या दिवशी काहीतरी बिघडलंय हे काउंटरवर कोणी भांडायला यायच्या आधी कळेल.

भांडणावरून आठवलं. आमची ओव्हरड्यूची नोटीस पहाटे जायची, आणि रात्री ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेली पुस्तकं सकाळी दहाला रिटर्न व्हायची. म्हणजे माणसाने वेळेत पुस्तक टाकलंय आणि पहाटे त्याला "पुस्तक परत करा" असा मेसेज. तो चिडणारच की. उपाय एवढाच, नोटीस पहाटेऐवजी दुपारी सोडायची, ड्रॉप बॉक्स रिकामा झाल्यावर, आणि रिटर्न करताना आदल्या दिवसाची तारीख टाकायची. सुट्ट्यांचं कॅलेंडर पण आधीच भरून ठेवा, नाहीतर लायब्ररी बंद त्याच दिवशी "आज शेवटची तारीख" असा मेसेज जातो आणि माणूस कुलूप बघून परत जातो.

एसएमएस करायचा असेल तर अक्षरं मोजा

मेलपेक्षा एसएमएस लवकर वाचला जातो हे खरं, पण देवनागरीत लिहिताना एक हिशोब बदलतो. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरी युनिकोडमध्ये जातो म्हणून फक्त ७० चा. आणि ७० म्हणजे आपण मोजतो तशी अक्षरं नाहीत, मात्रा वेगळी मोजली जाते, हलन्त वेगळा, म्हणजे "पुस्तक" हा शब्द सहा जागा खातो आणि एकटा "क्ष" तीन. ७१ वी जागा आली की मेसेजचे दोन तुकडे होतात, प्रत्येक तुकडा ६७ चा, आणि पैसे दोन मेसेजचे. म्हणून एसएमएसमध्ये पुस्तकाचं नाव घालूच नका.

नाव न घालण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फोन टेबलावर पडलेला असतो, घरात एकच फोन चौघं वापरतात, आणि कोण काय वाचतंय ही त्या वाचकाची खाजगी गोष्ट आहे, कोणी आजाराबद्दल वाचत असेल, कोणी घटस्फोटाच्या कायद्याबद्दल. "तुमचं रिझर्व्ह पुस्तक आलंय, शुक्रवारपर्यंत राखून ठेवू" एवढं पुरे, नाव बघायला त्याने लॉगिन करावं.

नवीन पुस्तकांची यादी

हा अलर्ट सगळ्यांना करावासा वाटतो आणि तोच सगळ्यात वाईट केला जातो. महिन्याची दोनशे पुस्तकांची एक्सेल फाइल अॅटॅच करून सगळ्या सभासदांना, झालं. ती कोण उघडतं? विषयवार तोडा. सभासद होतानाच फॉर्मवर सातआठ विषय द्या, टिक करायला सांगा, आणि त्या विषयाचं काही आलं असेल तरच मेल, नसेल आलं तर त्या आठवड्यात मेल नाही. रिकामा अलर्ट पाठवायचा मोह आवरा.

आणि पुस्तक रॅकवर गेल्याशिवाय यादीत घालायचं नाही. आम्ही एकदा उत्साहात ॲक्सेशन (पुस्तकाची रजिस्टरला नोंद) झाल्या झाल्या यादी पाठवली, लोक दुसऱ्या दिवशी दारात, आणि पुस्तकं आतल्या खोलीत गठ्ठ्यात, ना कॅटलॉगिंग झालेलं ना लेबल लागलेलं. त्यानंतर नियम केला, बारकोड लागून पुस्तक इश्यू होण्यासारखं झालं की मगच.

जर्नल्स आणि आरएसएस

कॉलेज किंवा संशोधन संस्थेची लायब्ररी असेल तर जर्नलच्या नव्या अंकाची अनुक्रमणिका पाठवणं ही फार जुनी आणि अजूनही चालणारी सेवा आहे. पूर्वी ग्रंथपाल अंक आला की अनुक्रमणिकेच्या झेरॉक्स काढून विभागांमध्ये फिरवायचे, आता बहुतेक जर्नलच्या पानावर ईमेल अलर्ट किंवा आरएसएसची (नवीन काही आलं की त्याची यादी, म्हणजे फीड, आपोआप मिळते) सोय असते. आरएसएस १९९९ मध्ये नेटस्केपने आणलं, आणि १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाल्यावर लोकांना वाटलं की संपलं, पण पॉडकास्ट आजही त्याच्यावरच चालतात. तुम्ही वीस जर्नल्सचे फीड फीडली किंवा इनोरीडर अशा फीड वाचायच्या अॅपमध्ये एकत्र करा, रोज दहा मिनिटं चाळा, आणि ज्याच्या उपयोगाचं आहे त्याला निवडून पाठवा. जे लोक झोटेरो (लेख आणि संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) वापरतात त्यांना तर त्याच्यातच फीड जोडून द्या, लेख आवडला की थेट त्यांच्या संग्रहात जातो. झोटेरोचा अजून एक फायदा, त्यात साठवलेला एखादा लेख नंतर मागे घेतला गेला तर तो तसं दाखवतो, २०१९ पासून. संशोधकांना हे नक्की सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

एका माणसासाठी एक अलर्ट

ह्याला आपल्या धंद्यात एसडीआय म्हणतात, निवडक माहिती प्रसारण सेवा, परीक्षेला पाठ केलेलं आठवत असेल. कल्पना हान्स पीटर लून ह्यांची, आयबीएममधले, १९५८ मध्ये त्यांनी मांडलं की प्रत्येक माणसाच्या गरजेचा एक प्रोफाइल मशीनमध्ये ठेवायचा आणि नवीन येणारा प्रत्येक कागद त्या प्रोफाइलशी ताडून बघायचा, जुळला तरच त्याच्याकडे जाणार. (क्रेडिट कार्डाचा नंबर बरोबर टाइप झालाय का हे शेवटच्या आकड्यावरून ओळखायची युक्ती पण ह्याच लूनची.) तेव्हा ह्यासाठी खोलीएवढं मशीन लागायचं, आता गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन लेख शोधायच्या सेवेवर, दोन मिनिटांत होतं.

पण प्रोफाइल नीट बनवायला पंधरा मिनिटं बोलावं लागतं आणि तिथेच सगळी कसरत आहे. "तुमचा विषय काय" असं विचारलं की माणूस थिसिसचं शीर्षक सांगतो, त्याचा काही उपयोग नसतो. त्यापेक्षा विचारा, अलीकडे वाचलेले तुमच्या अगदी कामाचे दोन लेख दाखवा. त्या लेखांचे कीवर्ड घ्या. मग विचारा, काय आलं तर तुम्हाला वैताग येईल? हा प्रश्न विसरू नका. माझ्याकडे अजगरांवर काम करणारी एक विद्यार्थिनी होती, मी हुशारीने पायथन ह्या शब्दावर अलर्ट लावून दिला आणि पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे प्रोग्रामिंगचे लेख धो धो. मग शास्त्रीय नाव घेतलं, पायथॉनिडी, प्रोग्रामिंग शब्द वजा चिन्हाने काढून टाकला, नेमके दोनतीन शब्द असतील तर ते अवतरण चिन्हात घातले, आणि आठवड्याला तीनचार लेखांवर आलं. तेवढेच हवेत.

स्कॉलरमध्ये शोध घेतल्यावर बाजूला क्रिएट अलर्ट दिसतं, एखाद्या संशोधकाच्या प्रोफाइलवर जाऊन त्याचे नवीन लेख किंवा त्याला मिळालेली नवीन सायटेशन्स (त्याच्या लेखांचे इतरांनी दिलेले संदर्भ) सुद्धा फॉलो करता येतात. औषध, आरोग्य, जीवशास्त्रवाल्यांसाठी पबमेड हा त्या विषयांच्या लेखांचा डेटाबेस जास्त चांगला, तिथे शोधाच्या चौकटीखाली क्रिएट अलर्ट आहे, खातं लागतं, आणि रोज, आठवड्याला की महिन्याला ते निवडता येतं. आठवड्याचं निवडा. रोजचं कोणी वाचत नाही, मी पण नाही.

अलर्ट शक्यतो वाचकाच्याच मेलवर लावून द्या, त्याच्यासमोर बसून, म्हणजे पुढे त्याला स्वतः बदलता येतो आणि लायब्ररीच्या एका खात्यात ऐंशी लोकांचे अलर्ट साठत नाहीत. आणि तीन महिन्यांनी एकदा विचारा, गेल्या दहा मेलमधले किती उघडले. दोन म्हणाला तर प्रोफाइल चुकलंय, परत बसा. पीएचडी संपली, विषय बदलला, सभासदत्व संपलं, की अलर्ट पण संपवायचा.

पाठवायच्या पद्धतीबद्दल थोडं

व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नका. सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून गुड मॉर्निंग. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून लहान लायब्ररीला ठीक. चॅनल बरं, फॉलोअर एकमेकांना दिसत नाहीत, पण ते सगळ्यांसाठीच्या सूचनांना, म्हणजे आज लायब्ररी बंद, ई-जर्नल्सचा सर्व्हर डाउन, नवीन डेटाबेसचा ट्रायल सुरू, असल्या गोष्टींना. अचानक बंद असण्याची सूचना आणि नवीन पुस्तकांची यादी एकाच चॅनलवर नको मात्र, लोक यादीला कंटाळून म्यूट करतात आणि मग बंदची सूचना पण जाते.

मेल हाताने पाठवत असाल तर सगळे पत्ते बीसीसीमध्ये. एकदा माझ्याकडून टू मध्ये गेले होते, आणि मग एकाने "कृपया मला काढा" असं रिप्लाय ऑल केलं, त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं, दिवसभर तेच. मोठ्या संख्येने पाठवायचं असेल तर आयटीवाल्यांना विचारून घ्या की तुमच्या डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग्ज) लावलंय का, नसेल तर मेल स्पॅममध्ये जातात, जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून हे जास्तच कडक केलंय. प्रत्येक मेलखाली बंद करायची लिंक ठेवा आणि ती खरंच चालते का ते स्वतः दाबून बघा. विषयाच्या ओळीत "लायब्ररी सूचना क्र. १४" असं लिहू नका, "तुमची २ पुस्तकं गुरुवारी परत करायचीत" असं लिहा, मेल उघडला नाही तरी काम होतं.

ज्यांच्याकडे मेल नाही किंवा जे फोन बघतच नाहीत असे वाचक सगळ्या लायब्रऱ्यांमध्ये असतात, आणि बहुतेकदा तेच रोज येणारे असतात. त्यांच्यासाठी तीच विषयवार यादी शुक्रवारी प्रिंट करून काउंटरच्या शेजारी लावायची, अक्षर मोठं ठेवायचं, आणि मागच्या आठवड्याची काढून टाकायची.