वजन उतरवताना आवडीचं कसं खावं

वजन कमी करायचं ठरलं की पहिली घोषणा ठरलेली असते: आजपासून गोड बंद, तळलेलं बंद. घरचे कौतुक करतात, आपल्यालाही अंगात बळ आल्यासारखं वाटतं. ही घोषणा मी तीनदा केली. तिन्ही वेळा वजन उतरलं आणि तिन्ही वेळा वर्षाच्या आत होतं तिथे परत आलं. चौथ्या खेपेला मी आवडीचं खाणं सोडलंच नाही. तेव्हा १४ किलो उतरले आणि गेल्या सहा वर्षांत त्यातले दोनच परत आलेत. त्यानंतर बहीण, दोन मैत्रिणी, कामावरचे सहकारी अशा बऱ्याच जणांच्या सोबतीने मी याच वाटेवरून पुन्हा पुन्हा गेले. सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, आणि सल्ला देणारे नेमके त्याच ठिकाणाबद्दल काही बोलत नाहीत.

जेवणात भाज्या हव्यात, प्रथिनं हवीत, रोज चालायला हवं, झोप पुरी व्हायला हवी, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. इथे प्रश्न एवढाच आहे: चॉकलेट, केक, आइस्क्रीम, वेफर्स यांचं करायचं काय?

त्याआधी एक. मधुमेह असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, गरोदर असाल, तर आहारातला बदल डॉक्टरांना विचारूनच करा. आणि खायला बसल्यावर स्वतःला थांबवताच येत नाही, पोट दुखेपर्यंत खाल्लं जातं आणि मग ते लपवावं लागतं, असं वारंवार होत असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. मन खंबीर नसल्याची ती खूण आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

१. खरं आवडीचं कोणतं ते शोधा

आठवडाभर चैनीचं जे जे खाल ते लिहा आणि प्रत्येकापुढे खूण करा: हे मला हवं होतं, की समोर होतं म्हणून तोंडात टाकलं? माझ्या यादीत २१ नोंदी झाल्या. त्यातल्या सहाच मला मनापासून हव्या होत्या. बाकी सगळी मीटिंगमधली बिस्किटं, दुसऱ्याच्या ताटलीतला घास, टीव्हीपुढे बसून संपवलेली वेफर्सची पुडी. त्या १५ गोष्टी गेल्या तेव्हा मला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. उरलेल्या सहांवर कात्री चालवायची नाही, त्या खायच्याच.

२. एकदाच हिशेब करा

एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात, एक ग्रॅम कर्बोदकांत किंवा प्रथिनांत ४. म्हणून चॉकलेट लहान दिसलं तरी जड पडतं: १०० ग्रॅमला सुमारे ५४०. साध्या आइस्क्रीमचे १०० ग्रॅम सुमारे २०० पर्यंत जातात. आता समजा तुम्ही दिवसाला १,८०० कॅलरी खायचं ठरवलंय. आठवड्याचे झाले १२,६००. त्यात २०० कॅलरींचा आवडीचा पदार्थ तीन वेळा खाल्ला तर झाले ६००, म्हणजे पाच टक्केही नाहीत. एवढ्याशा वाट्यासाठी उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांची मेहनत पणाला लावायची का, हे तुम्हीच ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारससुद्धा साखर पूर्ण बंद करा असं म्हणत नाही. वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांखाली आणा, एवढंच ती सांगते.

एका गोष्टीला मात्र मी सवलत देत नाही: गोड पेयं. ती पोटाला जाणवत नाहीत, त्यामुळे पुढचं जेवण तेवढ्याने कमी होत नाही. सहा आवडींच्या यादीत एखादं पेय असेल तर ठेवा, पण तहान भागवायला गोड पेय घेणं थांबवा.

मधाच्या आणि ‘साखरमुक्त’ लिहिलेल्या पर्यायांच्या नादी लागू नका. मधातली साखरही जागतिक आरोग्य संघटना त्याच मर्यादेत धरते. शिवाय पर्यायाने मन भरत नाही. माझी मैत्रीण चॉकलेटऐवजी खजुराच्या वड्या खायची. तीन वड्या झाल्यावर शेवटी चॉकलेटही खायची.

३. वेळ आणि जागा ठरवा

जेवण झाल्यावर, बसून, ताटलीत काढून, पाकीट परत जागेवर ठेवून. बस.

सहा दिवस पथ्य आणि सातव्या दिवशी हवं ते, असा आठवड्यातून एक ‘सुटीचा दिवस’ मात्र ठेवू नका. रोज ५०० कॅलरी कमी खाऊन सहा दिवसांत ३,००० वाचवता येतात, आणि सहा दिवस वाट पाहिलेला माणूस त्या एका दिवसात त्यातला मोठा भाग सहज भरून काढतो. त्याहून वाईट म्हणजे ते सहा दिवस वाट बघण्यातच जातात. ज्याची वाट बघायची ते खाणं डोक्यातून जात नाही.

४. ठरवलेलं मोडल्यावरचे २४ तास

इथेच सगळे अडतात. मीही इथेच तीनदा पडले, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळची गोष्ट. गोड सोडून ४१ दिवस झाले होते. मी दिवस मोजत होते, यातच खरं तर धोका होता. कामावर कुणाचा तरी निरोपसमारंभ होता, आग्रह झाला आणि मी केकचा एक तुकडा खाल्ला. चारशेच्या आसपास कॅलरी, त्याहून जास्त नाहीत. तिथे थांबले असते तर महिन्याच्या हिशेबात तो तुकडा शोधूनही सापडला नसता. पण माझ्या मनात एक वाक्य आलं, आणि ते तुमच्याही मनात कधी ना कधी येऊन गेलं असेल: ‘आता मोडलंच आहे, तर आज होऊन जाऊ दे. उद्यापासून पुन्हा.’ घरी जाताना आइस्क्रीमचा मोठा डबा घेतला. तो संपल्यावर बिस्किटं काढली. बिस्किटांना चव लागत नव्हती, तरी खात राहिले, कारण आजच्यानंतर पुन्हा मिळणार नव्हती.

केकच्या तुकड्याने माझं काही बिघडवलं नव्हतं, त्या वाक्याने बिघडवलं. यावर पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्राच्या संशोधकांचा १९७५चा प्रयोग आहे. विद्यार्थिनींना चव बघण्याच्या निमित्ताने बोलावलं. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही, आणि मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. ज्यांना खाण्यावर बंधनं घालायची सवय नव्हती, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या एरवी स्वतःला आवरून खायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की पदार्थात खरोखर किती कॅलरी आहेत याला फारसं महत्त्व नसतं. आपलं पथ्य मोडलं असं माणसाला वाटलं की तेवढ्याने बांध फुटतो. जॅनेट पॉलिव्ही आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये काही जणींना आठवडाभर चॉकलेटपासून दूर ठेवलं. आठवड्यानंतर सर्वांत जास्त चॉकलेट खाल्लं ते एरवी आवरून खाणाऱ्या आणि आठवडाभर चॉकलेट न मिळालेल्या बायकांनी.

म्हणून ‘बंद’ या शब्दालाच माझा विरोध आहे. जे बंद असतं तेच मोडता येतं. ठरवून खाल्लेला केक मोडतोडीत येत नाही. तरीही अंदाज चुकणार, दोन तुकड्यांऐवजी चार खाल्ले जाणार. तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. त्या क्षणी विचार करायला बसलात तर ते वाक्यच जिंकेल.

पहिलं म्हणजे ताटली ठेवून त्या खोलीतून बाहेर पडा. दात घासा, फोन करा, बाहेर एक चक्कर मारा. दहा मिनिटं गेली की वाक्याचा जोर ओसरतो.

दुसरं, आणि सगळ्यांत कठीण: पुढचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढं जेवा. भरपाई म्हणून उपाशी राहू नका. मी त्या आइस्क्रीमच्या रात्रीनंतर सकाळी काही खाल्लं नाही आणि दुपारीही नुसती कॉफी घेतली. मला वाटलं, मी शहाणपणाने वागतेय. संध्याकाळी पाचला हात थरथरत होते आणि समोर जे आलं ते मी आदल्या रात्रीपेक्षा जास्त खाल्लं. मग तिसऱ्या दिवशी त्याची भरपाई. हे दोन आठवडे चाललं आणि तो प्रयत्न तिथेच संपला. उपास आणि अतिरेक ही एकाच चाकाची दोन टोकं आहेत. चाक थांबवायचं असेल तर साधं जेवण जेवावंच लागतं, पोट भरलेलं असेल तर दोन घास कमी. बहिणीला हे पटवायला मला तीन महिने लागले. ज्या दिवशी तिने केकच्या दुसऱ्या सकाळी नेहमीचा नाश्ता केला, त्यानंतर तिचं वजन पुन्हा उतरायला लागलं.

तिसरं, व्यायामाने फेडायला जाऊ नका. ७० किलोच्या माणसाने तासभर ताशी पाच किलोमीटरने चाललं तर जेमतेम अडीचशे कॅलरी जळतात. हा सौदा कधीच जुळत नाही, आणि ज्या चालण्याने आनंद मिळायचा ते शिक्षा होऊन बसतं.

चौथं, तीन दिवस वजनकाट्यावर उभ्या राहू नका, पुरुषांनो तुम्हीही नाही. माझा काटा दुसऱ्या दिवशी १ किलो ८०० ग्रॅम जास्त दाखवत होता, आणि तो आकडा बघून मी खचले. आज मला तो आकडा वाचता येतो. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. संध्याकाळभरात मी १,५०० जास्त खाल्ल्या असं धरलं तरी त्याची चरबी होते २०० ग्रॅमच्या आत. बाकीचं पाणी. जादा कर्बोदकं स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन होऊन साठतात, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. खारट खाल्लं असेल तर मीठ आणखी पाणी अडवतं. पोटातलं अन्न वेगळंच. नेहमीचं जेवण सुरू ठेवलं की काही दिवसांत हे सगळं निघून जातं. हे कुणी त्या सकाळी मला सांगितलं असतं तर माझा दुसरा प्रयत्न वाचला असता, असं मला अजून वाटतं.

पाचवं, वहीत नोंद करा, पण नुसती: ‘केक, चार तुकडे, रात्री ९, दुपारचं जेवण झालं नव्हतं.’ स्वतःला नावं ठेवणारा शब्द त्यात येऊ देऊ नका. चार-पाच नोंदी झाल्या की कारण दिसायला लागतं. माझ्या नोंदींत जवळजवळ प्रत्येक वेळी आधीचं जेवण चुकलेलं होतं.

५. एखादा पदार्थ थांबूच देत नसेल तर

सगळ्यांना असा एखादा पदार्थ असतो. माझ्यासाठी वेफर्स. ताटलीत काढून, पाकीट कपाटात ठेवून, सगळं करून पाहिलं. त्या पदार्थांची घडणच तशी असते. संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९मध्ये २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. हवं तेवढं खायची मुभा होती. दोन्ही प्रकारच्या ताटांत साखर, चरबी, मीठ, तंतू सारखे ठेवले होते, तरी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.

असा पदार्थ घरात आणायचा नाही, पण यादीतून काढायचाही नाही. बाहेर, कुणासोबत, सर्वांत लहान पाकीट. घरातले इतर खात असतील तर त्यांच्याशी सरळ बोला आणि तुमच्या नजरेला पडणार नाही अशी जागा ठरवा. काही जणांना एखादी गोष्ट पूर्ण सोडणंच सोपं जातं, तेही चालेल. फक्त ती एकच असू द्या आणि निर्णय तुमचा असू द्या.

६. वजन बघा, पण चार आठवड्यांचं

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, काही खाण्याआधी. बायकांनी पाळीच्या आधीच्या दिवसांतला आकडा मनावर घेऊ नये, तेव्हाही पाणी साठतं.

चार आठवडे काटा हललाच नाही तर लगेच सहा आवडींवर कात्री चालवू नका. आधी तेलाच्या बाटलीतलं तेल मोठ्या चमच्याने मोजून बघा. त्या एका चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात आणि भाजी करताना तो कुणी मोजत नाही. मग दिवसभरातली गोड पेयं मोजा, मग उभ्या उभ्या तोंडात टाकलेलं. मी ज्यांच्यासोबत हे केलं त्यांच्यापैकी बहुतेकांची गळती याच तीन ठिकाणी सापडली. ज्यांची सापडली नाही त्यांनी चॉकलेट तीनदाऐवजी दोनदा खाल्लं आणि पुन्हा चार आठवडे थांबले.