वर्गात साधे प्रयोग घेणार असाल तर

पहिल्यांदा विज्ञान शिकवायला उभं राहणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: साहित्य कुठून आणायचं? माझ्या मते ही काळजी सगळ्यात शेवटी करावी. लाकूड, लोखंड, रबर, काच, कागद, पाणी आणि बर्फ एवढ्यावर सहावी ते आठवीचं पदार्थविज्ञान बऱ्यापैकी उरकतं. खरी अडचण वेगळी आहे. प्रयोग सुरू होण्याआधीच मुलांना निष्कर्ष पाठ असतो. 'साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, निष्कर्ष' हा साचा त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो, आणि कित्येक वह्यांत निष्कर्ष निरीक्षणाच्या आधी लिहून तयार असतो. म्हणून मी साच्यात एक ओळ वाढवते. कृतीच्या आधी 'माझा अंदाज' लिहायचा, तोही पेनाने, आणि नंतर खोडायचा नाही.

या ओळीचा उपयोग व्हायचा तर प्रयोगही तसाच निवडावा लागतो. ज्याचं उत्तर सगळ्यांचं बरोबर येणार, त्यात अंदाज लिहून घेण्यात अर्थ नाही. माझा हुकमी प्रयोग बर्फाचा आहे.

मुलांना आधी बाकाची लाकडी फळी आणि त्याचा लोखंडी पाय यांना हात लावायला सांगा. जास्त थंड काय? सगळे एका सुरात 'लोखंड' म्हणतात. मग एक धातूचं ताट आणि त्याच आकाराचा लाकडी पाट घ्या. दोन्ही आदल्या तासापासून खोलीतच ठेवलेले हवेत. दोन्हींवर सारखे बर्फाचे खडे ठेवणार आहोत, आधी कुठला वितळेल? जवळजवळ अख्खा वर्ग लाकडावरचा म्हणतो, कारण लाकूड 'गरम' असतं. खडे ठेवा आणि गप्प राहा. अॅल्युमिनियमचं जाड ताट असेल तर खड्याभोवती बघता बघता पाणी साचतं, खडा सरकायला लागतो. लाकडावरचा मात्र जवळपास तसाच बसलेला असतो.

इथे लगेच 'सुवाहक' हा शब्द फळ्यावर लिहून मोकळं व्हायचा मोह होतो, तो आवरा. आधी दोन्ही वस्तूंचं तापमान मोजायला लावा. ते सारखंच निघतं आणि मग खरी खळबळ उडते. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३ अंशांच्या आसपास असतं, खोलीचं त्याहून कमी. धातू हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो म्हणून हाताला गार लागतो, आणि खोलीतली उष्णता तितक्याच झपाट्याने बर्फाला पोचवतो म्हणून बर्फ लवकर वितळतो. थोडक्यात, हाताला तापमान कळतच नाही, उष्णता किती वेगाने जाते ते कळतं. अॅल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. हा आकडा मी शेवटी सांगते, तोवर मुलं तो ऐकायला उत्सुक झालेली असतात.

त्याला जोडूनच लोकरीचा प्रयोग घ्या. थर्मामीटर लोकरीच्या कापडात गुंडाळून ठेवला तर पारा चढेल का? (पारा हे बोलण्यापुरतं. वर्गात पाऱ्याचा थर्मामीटर आणूच नका, लाल अल्कोहोलचा वापरा. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा गोळा करणं हे शिक्षकाचं काम नाही.) बरीच मुलं 'चढेल' लिहितात. चढत नाही. मग बर्फ त्याच लोकरीत गुंडाळला तर? आता मात्र उत्तरं देण्याआधी विचार सुरू होतो.

पेटत्या मेणबत्तीवर पेला उपडा घालण्याचा प्रयोग तुम्हीही शाळेत पाहिला असेल. ताटलीतलं पाणी पेल्यात वर चढतं आणि सांगितलं जातं की ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, पाणीही साधारण एक पंचमांश चढतं, असं म्हणून दोन्हींचं जुळवलंही जातं. हे स्पष्टीकरण चुकीचं आहे, तरी पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. ज्योत विझते तेव्हा पेल्यात ऑक्सिजन भरपूर शिल्लक असतो, आणि जो वापरला गेला त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. खरं काय घडतं ते नीट पाहिलं तर दिसतं. पेला घालताना गरम झालेली हवा पसरते, कडेने कधी कधी बुडबुडेही निघतात. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर, आतली हवा गार होताना, सर्रकन चढतं. तेवढ्याच पेल्यात एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहा. ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी जास्त वर जातं. जुन्या स्पष्टीकरणाला याचं उत्तर देता येत नाही. हा प्रयोग घेताना केस बांधलेले, ओढण्या खोचलेल्या आणि शेजारी पाण्याची बादली, एवढं पाळाच.

रबरबँड मात्र खिशात कायम असू द्या. तो झटकन ताणून ओठांना लावला की कोमट लागतो. थोडा वेळ ताणलेला धरून मग सैल सोडला की गार. आता रबरबँडला वजन टांगा आणि त्यावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडा. 'उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात' हे वाक्य घोकलेली मुलं वजन खाली जाईल म्हणतात, पण ते वर उचललं जातं. ताणलेलं रबर तापल्यावर आखडतं. स्प्रिंग आणि रबरबँड शेजारी टांगून सारखी वजनं वाढवत गेलात तर वजन आणि वाढलेली लांबी यांचा आलेखही काढता येतो. स्प्रिंगची रेषा सरळ, १६७८ साली रॉबर्ट हूकने मांडलेल्या नियमाप्रमाणे: जेवढ्या पट वजन, तेवढ्या पट ताण. रबराची वाकडी.

पाण्यावर टाचणी तरंगवण्याबद्दल फार लिहीत नाही, तो सगळ्यांना येतो. फक्त भांडं साबणाने धुतलं असेल तर पुन्हा पुन्हा साध्या पाण्याने खळबळून घ्या, नाहीतर टाचणी बुडत राहील आणि तास जाईल. आणि अॅग्नेस पॉकेल्सची गोष्ट जरूर सांगा. विद्यापीठात न शिकलेल्या या जर्मन बाईंनी घरीच साध्या साहित्यावर पृष्ठताण, म्हणजे टाचणीला तोलून धरणारा पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण, मोजायचं उपकरण बनवलं. त्यांचं पत्र इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी पुढे पाठवलं आणि ते १८९१ साली 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात छापून आलं.

शेवटचं घनतेबद्दल, कारण नवे शिक्षक इथे हमखास वैतागतात. अॅल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. गटागटांची उत्तरं येतात २.४, २.९, ३. मग 'तुमचं चुकलं' म्हणून पुस्तकातला आकडा लिहायला सांगितला जातो. त्यापेक्षा फळ्यावर हिशेब मांडा. २७ ग्रॅमचा तुकडा मोजपात्रात बुडवला की पाणी १० मिलिलिटरने वाढायला हवं. डोळा पाण्याच्या पातळीत नसल्यामुळे ११ वाचलं तर घनता २.४५, आणि ९ वाचलं तर ३. आता ८१ ग्रॅमचा तुकडा घ्या, म्हणजे पाणी ३० मिलिलिटरने वाढेल. तिथेही वाचण्यात एका मिलिलिटरची चूक केली तरी उत्तर २.६ ते २.८ च्या बाहेर जात नाही. मोठा तुकडा का घ्यायचा हे मुलं स्वतःच सांगतात. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे दोऱ्याला हलका झटका देऊन सोडवायचे, हे मात्र तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं.