बारीक हिऱ्यांची जडाई शिकताना: आधी बैठक, मग दाणा

१.३ मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा साधारण ०.०१ कॅरटचा असतो. असे शंभर हिरे मिळून एक कॅरट, म्हणजे फक्त ०.२ ग्रॅम. या हिऱ्याची पूर्ण उंची सुमारे ०.८ मिमी, आणि त्यातला गर्डलच्या (हिऱ्याच्या सर्वांत रुंद कडेच्या) वरचा भाग जेमतेम ०.२ मिमी. दाणा, म्हणजे हिऱ्याच्या कडेवर येणारी धातूची बारीक गुंडी, उठवणं, तो हिऱ्यावर टेकवणं, कडेने चकाकता काप घेणं, हे सगळं या ०.२ मिमीत चालतं. हे आकडे पहिल्याच दिवशी मनात पक्के करून घ्या, कारण नवशिक्याच्या बहुतेक चुका इथे ०.०५ मिमी गेले तर काय बिघडतं, असं वाटण्यातून होतात. ०.०५ मिमीने इथे सगळं बिघडतं.

करवत, कानस, झाळकाम आणि फ्लेक्स शाफ्ट (लवचीक दांडीचं फिरतं यंत्र) तुम्हाला चालवता येतं असं धरून पुढचं लिहितो आहे. येत नसेल तर जडाईकडे वळू नका. वाकडी पट्टी जडाईने सरळ होत नाही, उलट हिऱ्यांच्या ओळीमुळे तिचा वाकडेपणा जास्त उठून दिसतो.

आता मूळ मुद्दा. दाणा हिऱ्याला धरून ठेवतो, हा समज आधी काढून टाका. हिऱ्याला धरते ती बैठक, म्हणजे धातूत कोरलेली ती गोल खाच, जिच्यात गर्डल टेकतं. दाणा फक्त हिऱ्याला वर उठू देत नाही. बैठक बरोबर असेल तर दाणा जरा कच्चा पडला तरी हिरा हलत नाही. बैठक सैल असेल तर कितीही सुंदर दाणे पाडा, हिरा आज ना उद्या खुळखुळणारच.

बैठक सैल होते ती अशी. १.३ मिमीचे हिरे आहेत म्हणून आपण १.३ मिमीचा सेटिंग बर, म्हणजे बैठक कोरणारं फिरतं दातेरी अवजार, घेतो. हिशेब बरोबर दिसतो, पण त्यात तीन फटी आहेत. एक, बर हँडपीसमध्ये (फ्लेक्स शाफ्टच्या हातात धरायच्या टोकात) कधीच अगदी केंद्रावर फिरत नाही. बर पकडणारा चक झिजलेला असेल किंवा बरची दांडी किंचित वाकलेली असेल, तर तोच बर १.३५ मिमीचं भोक पाडतो. दोन, चाळणीतून आलेले हिरे एकसारखे नसतात. चाळणीच्या दोन जाळ्यांमधल्या हिऱ्यांत थोडा फरक राहणारच, आणि त्या पुडीतला एखादा १.२७ चा निघतो. तीन, कोरडा बर थरथरतो. धातूचा चुरा दातांत चिकटतो, बर उड्या मारतो आणि भोक गोल न पडता कोनदार पडतं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तुमच्या हाताचा काहीही दोष नसताना हिरा बैठकीत इकडून तिकडे सरकतो.

हे एका हिऱ्यापुरतं राहत नाही. ओळीत दोन हिऱ्यांमध्ये साधारण ०.१५ मिमीची भिंत ठेवलेली असते. दोन्ही बाजूंच्या बैठका प्रत्येकी ०.०५ ने मोठ्या झाल्या की भिंत ०.१० वर येते, म्हणजे तिचा एक तृतीयांश भाग गेला. शिवाय दाण्याची हिऱ्यावरची पकडसुद्धा ०.१ मिमीच्या आसपास असते. हिरा एका बाजूला सरकला की समोरच्या बाजूची निम्मी पकड जाते. मग आपण घाबरून दाणा जास्त दाबतो, आणि गर्डल फुटतं. हिरा कठीण आहे म्हणून तो फुटत नाही असं नाही. त्याला चार ठरलेल्या दिशांनी चिरण्याची प्रवृत्ती असते, आणि पातळ गर्डलवर एका बिंदूशी आलेला दाब तो सहन करत नाही.

म्हणून बर हिऱ्याच्या मापाचा आहे का, हे बरवरचा आकडा वाचून ठरवू नका. त्याच हँडपीसमध्ये लावून पितळेच्या तुकड्यावर एक बैठक पाडा आणि मोजलेला हिरा त्यात घालून बघा. सैल वाटला तर एक माप लहान बर घ्या आणि उरलेलं अगदी हलक्या हाताने उघडा. लहान बैठक मोठी करता येते, मोठी झालेली लहान करता येत नाही. हिरेसुद्धा गेजवर मोजून ०.०३ मिमीच्या फरकाने वेगळे लावून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, आणि शिकवणारे अनेकजण ते सांगतही नाहीत, कारण त्यांच्या हाताला फरक आपोआप कळतो. तुमच्या हाताला अजून कळत नाही. मोजा.

क्रम असा. पृष्ठभागावर पांढरा रंग पातळ फासा, कंपासने ओळ आखा, केंद्रं मारा. केंद्रांतलं अंतर म्हणजे हिऱ्याचा व्यास अधिक भिंत: १.३ च्या हिऱ्याला १.४५. कडेला धातू किमान ०.३ ते ०.४ मिमी सोडा. आधी ०.८ चं आरपार भोक पाडा. मग १.२ च्या गोल बरने तोंड उघडा, आणि शेवटी सेटिंग बरने बैठक घ्या. प्रत्येक वेळी बरला तेल किंवा मेण लावा आणि वेग कमी ठेवा. हिऱ्याचं खालचं टोक कुठेही धातूला टेकता कामा नये. आरपार भोक त्यासाठीच असतं, फक्त उजेडासाठी नाही. टोक टेकलं की हिरा त्यावर डोलतो आणि दाबताना टोकच तुटतं. पत्रा १.२ मिमीपेक्षा पातळ असेल तर शिकताना तो घेऊच नका.

बैठकीची खोली किती? टेबल, म्हणजे हिऱ्याचा वरचा सपाट पैलू, धातूच्या पृष्ठभागाशी सपाट येईल इतकी. म्हणजे गर्डल ०.२ मिमी खाली जातं आणि दाण्यासाठी धातू उरतो. हिरा उंच राहिला तर दाणा त्याच्यावर पोहोचतच नाही. फार खोल गेला तर दाणे टेबलावर चढतात आणि हिरा विहिरीत पडल्यासारखा दिसतो. खोली तपासायला बैठकीत काळा मार्कर लावा, बर अर्धा फेरा फिरवा आणि शाई कुठे खरवडली ते बघा. एकाच बाजूला खरवडली असेल तर तुमचा हात तिरका आहे. हिरा मेणकाडीने उचलून बसवा, पितळेच्या काडीने हळूच दाबा. चांगल्या बैठकीत तो बारीक 'टक्' करून बसतो. मग सुईने एका कडेला दाबून बघा. समोरची कड उचलली जात असेल तर खाली कचरा किंवा उंचवटा आहे. हिरा काढा, साफ करा, पुन्हा बसवा. ओळ पूर्ण बसल्यावर दागिना दिव्याखाली तिरका करा: सगळी टेबलं एकदम चमकून एकदम विझली पाहिजेत. एखादं मागे राहिलं तर तो हिरा वाकडा आहे. हे दाणे पाडण्याआधी करायचं, नंतर नाही.

इथवर आलात की निम्मं काम झालं. हे पहिल्या काही महिन्यांत जमत नाही म्हणून हात खराब आहे असं समजू नका. बैठक जमायला सगळ्यांनाच वेळ लागतो, आणि ती जमली की पुढचं आश्चर्य वाटावं इतकं पटकन येतं.

पुढचं म्हणजे ग्रेव्हर, धातू कोरायचं टोकदार हत्यार. त्याची धार हा विषय जितका छोटा समजला जातो तितका नाही. तोंडाचा कोन साधारण ४५ अंश, टाचेचा (टोकाखालच्या छोट्या उताराचा) १५ ते २० अंश. आधी ६०० मग १२०० च्या चकतीवर घासा, आणि शेवटी सिरॅमिक चकतीवर ०.५ मायक्रॉनच्या हिऱ्याच्या पेस्टने टाच आरशासारखी करा. टाचेवर जी रेघ असेल ती प्रत्येक चकाकत्या कापात उमटते. धार आहे का हे बघायला टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवा. घसरलं तर बोथट, रुतलं तर धारदार. कार्बाइडची धार जास्त टिकते पण टोक उडतं, हायस्पीड स्टील जास्त सोशिक. शिकताना स्टीलच घ्या, कारण धार लावण्याचा सराव हेच तुमचं पहिलं शिक्षण आहे.

बोथट ग्रेव्हर घसरतो, कारण तो कापत नाही म्हणून आपण जोर वाढवतो. घसरला की हिऱ्याला काही होत नाही, धातूवर लांब ओरखडा पडतो किंवा डाव्या हाताच्या बोटात खोल घुसतो. उजव्या हाताचा अंगठा कायम दागिन्यावर किंवा त्याला धरणाऱ्या बॉल व्हाइसवर टेकलेला हवा. डावं बोट ग्रेव्हरच्या वाटेत कधीही नको, एका सेकंदासाठीसुद्धा नको.

दाणा उठवताना टोक हिऱ्यापासून थोडं लांब, भिंतीच्या कोपऱ्यात रुतवा, पुढे ढकला आणि हिऱ्याजवळ पोहोचल्यावर मूठ वर उचला, म्हणजे धातूची गुंडी हिऱ्यावर कलते. फार जवळून सुरुवात केली की गुंडी पातळ होते आणि दाणा पाडताना तुटते. फार लांबून केली की ती हिऱ्यापर्यंत पोहोचत नाही. एका बाजूचे दोन दाणे सलग उठवू नका. चाकाचे नट आवळतात तसं समोरासमोर जा, नाहीतर पहिला दाणा हिऱ्याला ढकलून दुसऱ्या बाजूला चढवतो. मग दाण्याचं अवजार: त्याच्या टोकाची खोलगट वाटी गुंडीपेक्षा किंचित मोठी घ्या, उभी धरा, थोडा दाब देऊन डोलवत फिरवा. वाटी लहान असेल तर दाण्याभोवती पातळ झालर सुटते आणि ती कपड्यात अडकते. वाटी मोठी असेल तर तिची कड हिऱ्यावर आपटते. वाटीची कड झिजली की दाणा चपटा येतो, अवजार वेळेवर बदला.

कडेचा चकाकता काप एकाच ओघात घ्यायचा, थांबलात तर तिथे पायरी दिसते. याहून जास्त सांगून उपयोग नाही, तो हातानेच शिकायचा आहे.

धातूबद्दल थोडं. तांबं आणि पितळ सरावाला चांगली, पण पितळेवर उठवलेला दाणा सोन्यापेक्षा लवकर तुटतो, म्हणून निराश होऊ नका. १८ कॅरटचं पिवळं सोनं, म्हणजे ७५ टक्के सोनं, सर्वांत समजूतदार. निकेल असलेलं पांढरं सोनं ताठ असतं, दाणा परत उसळतो, आणि नवशिक्याकडून त्यावर गर्डल फुटण्याची शक्यता जास्त. प्लॅटिनम मऊ वाटतं पण अवजाराला चिकटतं, धार लवकर जाते. सरावाचे खडे म्हणून क्यूबिक झिर्कोनिया घ्या. त्याची घनता हिऱ्याच्या दीडपटीहून जास्त असल्याने वजनावरून माप लावू नका, मिमीत घ्या. तो हिऱ्यापेक्षा सहज फुटतो, आणि सरावासाठी हाच त्याचा गुण आहे, कारण जास्त दाब दिलात की लगेच कळतं.

आता शॉर्टकटबद्दल माझं ठाम मत. मेणातच खडे बसवून ओतलेले दागिने किंवा दाणे आधीच ओतून आलेले साचे हाताळून जडाई येत नाही, तिथे बैठक तुम्ही कापलेलीच नसते. हवेवर चालणारा ग्रेव्हर उत्तम अवजार आहे, पण हाताने ढकलायला शिकण्याआधी घेतलात तर बोथट धारही चालून जाते आणि वाईट सवय मुरते. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी स्टिरिओ मायक्रोस्कोपवर करा, ०.५ पट भिंग जोडून, म्हणजे हातांना जागा मिळते. जे दिसत नाही ते दुरुस्त होत नाही. आणि हललेला हिरा गोंदाने चिकटवणं: ते कुणी शिकवत असेल तर तिथून उठा. अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) गोंद सुटतो आणि हिरा ग्राहकाच्या बोटावरून पडतो.

गुरू निवडताना त्यांचे तयार दागिने बघण्यापेक्षा ते धार कशी लावतात ते बघा, आणि धार लावताना तुम्हाला शेजारी उभं राहू देतात का तेही. तुमच्या हातातून काम घेऊन स्वतः नीट करून देणारा गुरू प्रेमळ असतो, पण त्याच्याकडे हात तयार होत नाही. चूक कुठल्या पायरीवर झाली ते दाखवून तुकडा परत देणारा धरून ठेवा, तो कितीही कडक असला तरी.

सरावाची वाट: २ मिमी जाड पितळेच्या पट्टीवर २ मिमीचा एकच खडा, चार दाणे. तो दहापैकी नऊ वेळा घट्ट बसला की १.५ ची सरळ ओळ, मग १.३ ची. सपाट पट्टीवर सलग दोन ओळी जमल्याशिवाय अंगठीला हात लावू नका. वळणावर प्रत्येक भोक त्या जागच्या पृष्ठभागाला काटकोनात पाडावं लागतं, आणि आतल्या बाजूला भोकं एकमेकांच्या जवळ येतात. झाळकाम आणि पहिलं पॉलिश जडाईच्या आधी उरका. उघड्या हवेत तीव्र आचेवर हिऱ्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होतो.

शेवटची तपासणी. जडाईसाठी दागिना ज्या लाखेत पक्का बसवला होता तिच्यातून तो काढा, स्पिरिटमध्ये लाख विरघळवा, अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा. धुतल्यावरच बघा, कारण लाखेचा आणि तेलाचा चिकटा सैल हिऱ्यालाही धरून ठेवतो. कानाजवळ धरून नखाने टिचकी मारा, बारीक खुळखुळ आली तर एखादा सैल आहे. मग सुईने एकेक ढकलून तो शोधा. दाण्यात धातू शिल्लक असेल तर वाटी पुन्हा फिरवून तो बसतो. धातू संपला असेल तर दाबत राहू नका. हिरा काढा, बैठक अगदी हलकेच उघडा, आणि गेजवर मोजून ०.०५ मिमी मोठा हिरा तिथे बसवा. लावून ठेवलेल्या पुड्या इथे कामाला येतात.