टायटॅनियम मिश्रधातूंचा क्रीप तपासताना या चुका टाळा

घटकप्रमाण सारखे असूनही क्रीप (सतत भाराखाली धातू हळूहळू कायमचा ताणला जाणे) चाचणीत दोन नमुने वेगळे वागले, की पहिला संशय भट्टीवर घेतला जातो. टायटॅनियमच्या बाबतीत तो आधी सूक्ष्मरचनेवर घ्यावा. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेली टीआय-६४ ही मिश्रधातू बीटा-सीमेच्या (ज्या तापमानावर सगळी धातू बीटा या उच्च तापमानाच्या स्फटिकरूपात जाते), म्हणजे साधारण ९९५ अंश सेल्सिअसच्या, वर तापवून हळू थंड केली, तर अल्फा या कमी तापमानाच्या स्फटिकरूपाच्या समांतर पट्ट्यांच्या कॉलन्या, म्हणजे गट, तयार होतात; सीमेखाली घडाई आणि उष्णतोपचार केल्यास गोलसर अल्फा कण मिळतात. पट्ट्यांची रचना क्रीपला अधिक चांगली तोंड देते, तर गोलसर कणांची तन्यता जास्त असते. त्यामुळे केवळ ताणचाचणीच्या आकड्यांवरून क्रीपचा अंदाज बांधू नये.

अल्फा कणांचा सरासरी आकार मोजून थांबणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. एका कॉलनीतल्या सर्व पट्ट्यांची स्फटिकदिशा एकच असते आणि त्यांच्यामधला बीटाचा पातळ थर स्लिपला (स्फटिकाचे थर एकमेकांवरून सरकण्याला) फारसा अडवत नाही, म्हणून स्लिपची लांबी पट्टीच्या जाडीवर नव्हे, तर कॉलनीच्या आकारावर ठरते. गोलसर कणांतही हा धोका असतोच. क्रॉलच्या द्रावणाने (टायटॅनियमसाठीच्या आम्लद्रावणाने) एच केलेला, म्हणजे रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग किंचित कोरलेला, नमुना साध्या प्रकाशात बारीक आणि एकसारखा दिसतो, पण त्याच जागेच्या ईबीएसडी नकाशात (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेल्या, स्फटिकदिशा रंगांनी दाखवणाऱ्या नकाशात) कधी कधी मिलिमीटरभर लांबीचा एकरंगी पट्टा उमटतो. तो मॅक्रोझोन होय: जवळपास एकाच दिशेचे असंख्य कण, जे एका मोठ्या कणासारखे वागतात.

खोलीच्या तापमानाला क्रीप होत नाही, हे गृहीतकही टायटॅनियमला लागू पडत नाही. नमनबिंदूच्या (जिथून धातू कायमची वाकू-ताणू लागते त्या मर्यादेच्या) खालचा भार रोखून धरला, तरी मऊ दिशेचे कण हळूहळू सरकतात आणि त्यांच्या वाट्याचा ताण शेजारच्या कठीण दिशेच्या कणांवर जाऊन पडतो. ३० सप्टेंबर २०१७ रोजी ग्रीनलंडवरून जाणाऱ्या ए-३८० विमानाच्या इंजिनाचा फॅन हब (पंख्याची पाती धरणारा मधला भाग) तुटला, तेव्हा भेगेचा उगम पृष्ठभागाखालच्या अशाच मॅक्रोझोनमध्ये सापडला. म्हणून जिथे भार चढवून तसाच धरून ठेवला जातो, त्या भागासाठी थकव्याची (भार पुन्हा पुन्हा चढवण्या-उतरवण्याची) चाचणीही भार रोखूनच करावी.

उष्णतोपचारानंतर नमुन्यावर उरलेला, ऑक्सिजन मुरलेला ठिसूळ अल्फा-केस पूर्णपणे काढून टाकावा. अन्यथा भेग त्या थरात सुरू होते आणि दोष मूळ धातूच्या माथी मारला जातो.